मनीला इतकी तहान का लागते?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी मांजर आहे? ते दहा-बारा वर्षांचं झालं असेल, तर आज त्याच्या पाण्याच्या वाटीकडे जरा नीट लक्ष द्या हं!

खरं तर मांजर पाणी कमीच पितं. त्याचे पूर्वज म्हणजे कोरड्या मुलखातली रानमांजरं. उंदीर, पाखरं खाल्ली की त्यातूनच त्यांना बरंचसं पाणी मिळे. म्हणून मांजराची मूत्रपिंडं पाणी राखण्यात मोठी पटाईत. रक्तातली घाण तेवढी बाहेर टाकायची आणि पाणी परत आत घ्यायचं. त्यामुळे लघवी थोडी आणि दाट होते.

मांजराच्या एका मूत्रपिंडात सुमारे २ लाख सूक्ष्म गाळण्या असतात. म्हातारपणी पुष्कळ मांजरांच्या या गाळण्या हळूहळू निकामी होतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. उरलेल्या गाळण्या जादा काम करतात, म्हणून बाहेरून काही कळतच नाही! पण दोन-तृतीयांश काम बंद पडलं, की पाणी राखणं जमेनासं होतं. लघवी पातळ आणि भरपूर होऊ लागते. गेलेलं पाणी भरून काढायला मनी सारखी वाटीकडे धावते. म्हणजे बघा, ती पाणी फार पिते म्हणून लघवी वाढत नाही. लघवी वाढते म्हणून तहान वाढते!

इथंच घरोघरी घोटाळा होतो. मनी कोपऱ्यात घाण करते म्हणून तिला फटका मिळतो, पाण्याची वाटी उचलून ठेवली जाते. असं कधीही करू नका. पाणी मिळालं नाही तर तिचा आजार झपाट्यानं बळावतो.

मग काय करायचं? एक सोपा प्रयोग करा. सकाळी मोजपात्रानं मोजून पाणी ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. मनीचं वजनही करा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलीलिटरपेक्षा जास्त पाणी संपत असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. त्याहून कमी असलं, पण पूर्वीपेक्षा वाढलं असेल, ती वाळत चालली असेल किंवा जेवत नसेल, तरीही आईबाबांना सांगा आणि तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. मधुमेहानं किंवा थायरॉइडच्या विकारानंही तहान वाढते. नेमकं कारण रक्त आणि लघवी तपासल्यावरच कळतं.

पालकांनो, निकामी झालेला भाग परत येत नाही, हे खरं. पण लवकर कळलं, तर कमी फॉस्फरसचा आहार, ओलसर खाणं आणि भरपूर पाणी यांच्या आधारानं अनेक मांजरं पुढे कित्येक महिने, काही तर वर्षानुवर्षं सुखानं जगतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र त्यांना मुळीच देऊ नका. घरात लिलीची फुलंही ठेवू नका. ती मांजराच्या मूत्रपिंडांना विषासारखी असतात.

मनीला बोलता येत नाही. तिची वाटीच तिच्या वतीनं बोलते. ऐकाल ना?