रबरी होडी आणि पंचांग

सुटींत कोंकणांत जाऊन हवा भरलेल्या रबरी होडींतून मासे धरण्याचा बेत तरुण मंडळींनीं काढला, कीं घरांतील वडील माणसें होडीची किंमत विचारतात. आमच्या मतें त्यांनीं आधीं तिथि विचारावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत पाण्याची ओढ अनावर असते. अष्टमीनंतरच्या एकदोन दिवसांत, म्हणजे भांगांत, ती मंदावते. तिथीची पाऊणपट केली, कीं मुंबईच्या आसपास भरतीची स्थूल वेळ निघते. दशमीस ती साडेसात येते. त्या दिवशीं रेवदंड्यासारख्या खाडींत उजाडतांच होडी लोटावी व पाणी फिरण्यापूर्वीं कांठ गांठावा. नक्की वेळ तेथील कोळ्यांस विचारावी. ओहोटी खाडीच्या मुखाकडे ओढते, आणि सकाळचा मतलई वारा हलक्या होडीस तिकडेच ढकलतो. दोहोंपुढें वल्ह्यांचें कांहीं चालत नाहीं. प्रत्येकाच्या अंगांत तरंगतें जाकीट असावें. गळाचें टोंक बुचांत खोंचून ठेवावें व कालवांनीं भरलेले खडक टाळावे. रबरास दोन्ही सारखींच घातक. पावसाळा तर वर्ज्यच.

मासा मिळो वा न मिळो, दुपारच्या पंगतींत एकही पाट रिकामा राहिला नाहीं, म्हणजे सहल साधली असें आम्ही समजूं.