हळदीनं वळ जातात, पुरावाही जातो

परवा दुपारी स्वयंपाकघर आवरून जरा पाठ टेकली होती, तोच दारात मागच्या वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई उभी. डोळे रडून सुजलेले. "ताई, पोराला काल रात्री उचलून नेलं. सकाळी सोडलं, पण त्याला पाय टेकवत नाही." कुठल्याशा मोटरसायकलच्या चोरीचा संशय. पोरगा एकोणीस वर्षांचा. तळपायावर काळेनिळे वळ.

मी काय केलं? हळद उगाळून दिली, औषधाला पैसे दिले आणि वर शहाणपण शिकवलं, "सुटला ना घरी? मग जाऊ दे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये गं."

ती मान हलवून गेली. मला मात्र रात्रभर झोप नाही. वीस वर्षं बचत गटांचं काम करणारी, बीए झालेली मी, एका आईला गप्प बसायला शिकवून मोकळी झाले होते.

आपल्या या म्हणीला कारण आहे, हे खरंच. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष ठरवलं. का, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं प्रतिकार केला नाही! रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, एकट्या मुलीनं खाकी वर्दीशी झटापट करायची होती म्हणे! १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पण मथुरेच्या पदरात काय पडलं? ते दोघं सुटले ते सुटलेच.

असं का होतं? मार बंद दाराआड बसतो. साक्षीदार कोण, तर त्याच ठाण्यातले. पुष्कळदा तपासही त्यांच्याच खात्याकडे. त्यात सरकारी नोकरानं कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीसाठी सरकारची मंजुरी हवी, हा मुद्दा निघाला की खटला तिथंच अडतो. सगळेच पोलीस वाईट असं मी म्हणणार नाही. सणासुदीला घरदार सोडून बंदोबस्ताला उभे राहणारे आपल्याच आळीतले आहेत. पण चोर धरणं हे त्यांचं काम आणि शिक्षा देणं कोर्टाचं. त्यांनीच परस्पर शिक्षा द्यायची, तर कोर्ट कशाला हवं?

तरी पायरी चढलेली एक आई आहे. ओडिशाच्या निलाबती बेहेरा. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा १९८७ साली पोलिसांच्या ताब्यात होता. दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर त्याचं प्रेत सापडलं. पोलीस म्हणाले, पळून गेला आणि गाडीखाली आला. आईनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं, पोलिसांची कहाणी नाकारली आणि १९९३ साली दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पोरगा परत आला नाही. पण तो पळाला नव्हता, हे तरी कागदावर आलं.

मैत्रिणींनो, कागद किती मोलाचा असतो बघा! १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा हवा, नातेवाइकांना खबर द्यायला हवी आणि कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी व्हायला हवी. ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश २०२० सालचा आहे. अटक केलेल्याला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, हे तर राज्यघटनेतच लिहिलेलं. आणि चोरीमारीचं असो की आणखी कशाचं, बाईला सूर्यास्तानंतर सहसा अटक करता येत नाही. हे नियम आपल्याला तोंडपाठ नसतात, म्हणून ते मोडणाऱ्याचं फावतं.

मग माझ्या लक्षात आलं, माझी हळदच चुकली होती! वळ चार दिवसांत विरतात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही. आधी सरकारी दवाखाना, तिथं जखमांची नोंद, तिची प्रत हातात, हे सगळं त्याच दिवशी व्हायला हवं होतं.

सकाळी उजाडताच तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "ताई, पुन्हा उचललं तर?" मला उत्तर सुचलं नाही. एवढंच म्हटलं, "मी येते बरोबर." शेजारच्या दोघी न बोलावता निघाल्या. दवाखान्यात नोंद झाली. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला, पोच घेतली. तिथं दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ.

निकाल काय लागेल, कधी लागेल, ठाऊक नाही. पण यापुढे ती म्हण माझ्या तोंडून निघायची नाही. आपण पायरी चढत नाही, म्हणून तर मारणारा बिनघोर असतो. एकटीला भीती वाटते ना? मग चौघी मिळून चढू या.