वृद्धाश्रमातील मन आणि कायद्यातील ‘शकेल’

वृद्धाश्रमातला म्हातारा जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, रात्र रात्र जागतो. आणि आपण म्हणतो, ‘वय झाले!’ आमचे म्हणणे असे की, हे नुसते वय नव्हे, अनेकदा हा आजार असतो. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढील ८.३ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली. निदान झालेले मात्र एक टक्काही नव्हते. ही पाहणी घराघरांतली. वृद्धाश्रमातल्यांची तर त्यात मोजदादच नाही!

देऊळघाटात बसून वृद्धाश्रम हा शहराचा प्रश्न वाटतो. पण पोरे पुण्या-मुंबईला कामाला गेली की भूमिहीन मजुराच्या म्हाताऱ्या आईबापांनी जायचे कुठे? पैसे घेणारे आश्रम त्यांच्यासाठी नाहीत. त्यांच्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. कलम १९ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला आश्रम हवा. परंतु कायद्याचा शब्द ‘स्थापन करील’ असा नाही, ‘करू शकेल’ असा आहे. या एका शब्दाआड शासन लपते. म्हणूनच १३ डिसेंबर २०१८ रोजी अश्विनी कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला केंद्रास सांगावे लागले, की राज्यांकडून जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती मिळवा.

मनाच्या उपचाराचा हक्क दुसऱ्याच कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ जात, धर्म, वर्ग न पाहता उपचाराची हमी देते. जिल्ह्यात किमान शासकीय सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनावर टाकते. एक कायदा छप्पर देतो, दुसरा उपचार. पण वृद्धाश्रमाच्या दाराशी दोघांची गाठच पडत नाही.

‘मातोश्री’, ‘श्रावणबाळ’ ही योजनांची नावे मायेची आहेत. संविधानाचा अनुच्छेद ४१ मात्र मायेची नव्हे, वार्धक्यातील साहाय्याच्या हक्काची भाषा बोलतो. दया आटते, हक्क मागता येतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीला वृद्धाश्रमात फळे जरूर वाटा, पण सोबत एक अर्जही न्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक दर महिन्याला ठरल्या दिवशी आश्रमात यावे, अशी लेखी मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; मानसिक आजारी व्यक्तीला तेथे मोफत वकील मिळतो. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आश्रमाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

ज्यांनी आपल्याला शिकवले, त्यांना मुके होऊ देणे ही चळवळीची रीत नव्हे.