स्पेशल म्हणजे नकली नव्हे

इंग्लंडातल्या गाडीवेड्या मंडळींच्या भाषेत 'स्पेशल' या शब्दाला एक वेगळा अर्थ आहे. कोणी विचारत नाही अशा जुन्या गाडीची चासी घ्यायची, दुसरीचं इंजिन, तिसरीचा गिअरबॉक्स, भंगारवाल्याकडे मिळतील ती चाकं, आणि वर आपल्या हाताने पत्रा ठोकून केलेली दोन सीटची बॉडी. झाली स्पोर्ट्स कार! कंपनी नाही, मॉडेल नाही, ब्रोशर तर नाहीच नाही.

अशा गाड्या पाहून बरेच जाणकार नाक मुरडतात. "ओरिजिनल नाही हो ती!" माझं मत नेमकं उलटं आहे. जुन्या गाड्यांमधलं जपण्यासारखं जे काही आहे, त्यात स्पेशलचा नंबर वरचा लागतो.

का ते सांगतो. ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी 1922 ते 1939 या काळात सुमारे 2,90,000 इतकी निघाली. इंजिन जेमतेम 747 सीसीचं. चासी म्हणजे पुढे एकत्र येणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या, इंग्रजी 'ए' सारख्या. बॉडी काढून टाकली तरी खालचं सगळं चालू शकायचं. महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये नव्या गाड्या आधी निर्यातीला जायच्या. घरच्या गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, वर खरेदी कर भरायचा. मग तरुण पोरांनी काय करावं? जुनी ऑस्टिन स्वस्तात उचलली आणि कामाला लागले.

कॉलिन चॅपमन त्यातलाच एक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होता आणि जोडीला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री. 1947 साली खासगी गाड्यांना मिळणारं पेट्रोलचं रेशन बंद झालं आणि धंदा बसला. एक ऑस्टिन काही केल्या खपेना. 1948 मध्ये मैत्रिणीच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये त्याने तिलाच नवं रूप दिलं, अ‍ॅल्युमिनियम चिकटवलेल्या प्लायवूडची बॉडी चढवून. ही पहिली लोटस.

1951 ची त्याची तिसरी गाडी मला जास्त आवडते. त्या इंजिनात चार सिलिंडर, पण आत जायच्या वाटा दोनच. शेजारचे दोन सिलिंडर एकाच वाटेतून पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढायचे आणि एकमेकांच्या तोंडचा घास पळवायचे. चॅपमनने त्या वाटांमध्ये चक्क पडदी घातली! गाडी इतकी पळायला लागली की शेवटी शर्यतीचे नियम बदलून ती युक्ती बंद करावी लागली. याच माणसाच्या लोटसने 1963 साली फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलं.

आपल्यापैकी ज्यांनी दहा वर्षं जुना कोड सांभाळलाय, त्यांना हे चटकन कळेल. कोऱ्या कागदावर डिझाईन कोणीही करतो हो. दुसऱ्याने सोडून दिलेल्या सिस्टिमच्या मर्यादा समजून घेऊन तिच्याकडून चांगलं काम करून घेणं, यात इंजिनिअरचा कस लागतो.

आता दुसरी बाजू. 1930 पर्यंतच्या ऑस्टिनमध्ये पुढचे ब्रेक हाताच्या लिव्हरने लागायचे आणि मागचे पायाने. अशा ब्रेकांवर वेगवान गाडी म्हणजे चेष्टा नाही. शिवाय चांगली जुनी सलून कापायची आणि 'जुनी रेसिंग कार' म्हणून विकायची, ही तर सरळ फसवणूक. दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. पण त्यावरचा उपाय बंदी नाही, तपासणी आहे. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकटी गाडी तपासून पास करण्याची पद्धत आहे. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीटबेल्ट कुठे अडकवलाय, सगळं बघतात. आणि गाडीचं वय किंवा मूळ ठरवता येत नसेल तर तिला 'क्यू' अक्षराची नंबरप्लेट. म्हणजे खोटेपणाला जागाच नाही, प्लेटच सांगते की ही मिसळ आहे.

आपल्याकडे? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही. सीएनजी किट किंवा त्याच प्रकारचं दुसरं इंजिन रीतसर बसवता येतं, तेवढीच सवलत. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. 2021 साली व्हिंटेज गाड्यांसाठी नवे नियम आले, छान झालं. पण त्यात अट अशी की गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातच हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालणार नाही. म्हणजे चॅपमनची पहिली लोटस आपल्या आरटीओत आली असती तर पासिंग विसरा!

आणि आपली पोरं कमी आहेत का? 2007 पासून बाहा स्पर्धेसाठी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी रात्र रात्र जागून, पाईप वेल्ड करून बग्गी बनवतायत. त्या गाड्या रस्त्यासाठी नसतात, ठीक आहे. पण ज्या हातांनी त्या केल्या, त्या हातांनी पुढे काय करायचं? कॅम्पस इंटरव्ह्यू देऊन आमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसायचं?

माझी मागणी साधी आहे. वर्षाला ठराविक गाड्या, कडक तपासणी, वेगळी नंबरप्लेट, वर्षाला किलोमीटरची मर्यादा. गाड्या तपासणारी एआरएआय 1966 पासून पुण्यातच आहे, ज्ञानाची काही वानवा नाही. फी मात्र हौशी माणसाला झेपेल अशी हवी.

जुगाड म्हटलं की आपण भाषणात कौतुक करतो आणि रस्त्यावर पावती फाडतो. त्यापेक्षा जुगाडाला परीक्षेला बसवा ना. नापास झाला तर झाला, पण पेपर तरी द्या त्याच्या हातात.

तुम्हाला काय वाटतं?