कारकून बाईंची बाजू

'स्टारगेट युनिव्हर्स' पाहिलेल्या माणसाशी गप्पा मारायला बसा, थोड्याच वेळात गाडी एका बाईवर येते आणि मग तिच्या नावाने खडे फोडणं सुरू होतं. बाईंचं नाव कमील रे. गुन्हा एवढाच की ती कारकून आहे. तिकडच्या भाषेत 'एचआर', आपल्या सरकारी भाषेत आस्थापना विभाग. पृथ्वीपासून अब्जावधी प्रकाशवर्षं दूर भरकटलेल्या जहाजावर ही बाई विचारत फिरते की हुकूम कुणी दिला, कुठल्या अधिकारात दिला, आम्हाला का विचारलं नाही. चाहते म्हणतात, इथे जीव जायची वेळ आली आणि हिला कागद सुचतायत!

मी वीस वर्षांहून जास्त काळ सरकारी टेबलामागे बसलोय. मी तिचीच बाजू घेणार हे उघड आहे. घेणारच. पण जातभाईंचा कळवळा म्हणून सोडून देऊ नका. चाळीस भागांची ही मालिका नीट बघितली तर जहाजावर झालेल्या एकेका अनर्थाच्या मुळाशी तोच प्रश्न निघतो, जो ती बाई विचारते आणि ज्याचं उत्तर कुणी देत नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४ साली 'स्टारगेट' नावाचा सिनेमा आला. मग 'एसजी-१' ही मालिका १९९७ ते २००७ अशी दहा वर्षं चालली, मग २००४ ते २००९ 'अटलांटिस'. एक गोल दगडी-धातूची कमान, त्यातून पाऊल टाकलं की दुसऱ्या ग्रहावर. चौघे शूर जातात, भानगड निस्तरतात, तासाभरात घरी परततात. मजेदार मालिका होत्या, मलाही आवडतात. ऑक्टोबर २००९ मध्ये ब्रॅड राइट आणि रॉबर्ट कूपर यांनी तिसरी काढली, तिच्यात परतण्याची सोयच काढून टाकली. एका तळावर हल्ला होतो, तळ फुटायच्या बेतात असतो, आणि डॉ. रश नावाचा शास्त्रज्ञ कमानीवर पृथ्वीचा पत्ता न लावता नऊ चिन्हांचा भलताच पत्ता लावतो. ऐंशीच्या आसपास माणसं जाऊन पडतात 'डेस्टिनी' नावाच्या जहाजावर. हे जहाज 'एन्शंट' नावाच्या प्राचीन लोकांनी लाखो वर्षांपूर्वी सोडलेलं. बनवणारे त्यावर कधी चढलेच नाहीत. जहाज आपलं आपण चाललंय, वाटेत ताऱ्यात बुडी मारून इंधन भरून घेतंय. आत हवा शुद्ध करणारी यंत्रं निकामी, पाणी कमी, आणि सुकाणू कुणाच्या हातात नाही.

आता बघा. ऐंशी माणसांतले काही सैनिक, काही शास्त्रज्ञ, काही इतर. सैनिकांचा मुख्य कर्नल यंग. (ही भूमिका करणारा लुई फेरेरा. आडनाव वाचून आपल्याकडे कुणीही विचारील, कुठला, म्हापशाचा की मडगावचा? तो जन्मला पोर्तुगीजांच्या अझोर्स बेटांवर.) यंग येतानाच जखमी होऊन आडवा. पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो, इथे मुख्य कोण? जहाजावर काही खास दगड आहेत, त्यांच्या आधाराने इथल्या माणसाचं मन पृथ्वीवरच्या माणसाच्या शरीरात जाऊन बोलू शकतं. रश जातो, परत येतो आणि जाहीर करतो, जनरल ओ'नीलने मलाच प्रमुख नेमलंय.

बस्स! ना आदेश, ना क्रमांक, ना तारीख. माझ्या कचेरीत शिपायाची बदलीसुद्धा एवढ्यावर होत नाही. ऑर्डरची प्रत दाखवा म्हणणाऱ्याला आपण खडूस म्हणतो. या जहाजावर ऐंशी जिवांची हवा कुणाच्या ताब्यात राहणार हे एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर ठरायची पाळी आली होती. आणि तो माणूस गोड थापा मारण्यात पटाईत होता. रॉबर्ट कार्लाइलने रश इतका सुंदर उभा केलाय की आपणही त्या थापांवर डोलतो, ती गोष्ट वेगळी.

यावर नेहमीचा युक्तिवाद ठरलेला आहे. संकटात नियम चालत नाहीत, तिथे खमका माणूस लागतो. ठीक. मग त्या मालिकेतलं सगळ्यांत भीषण संकटच घेऊ. पहिल्या पर्वातल्या 'लाइट' नावाच्या भागात जहाज सरळ ताऱ्याच्या दिशेने निघालेलं असतं. सगळे जळून मरणार अशी खात्री. सुटकेचं छोटं यान एकच, त्यात सतरा जागा. हा खमका कर्नल काय करतो? चिठ्ठ्या टाकतो! दोन जागा तो आधी ठरवतो, स्कॉट आणि टीजे, म्हणजे एक नेतृत्वाला, एक औषधोपचाराला. बाकी पंधरा नावं चिठ्ठीने. स्वतःचं नाव त्यात घालत नाही. म्हणजे जेव्हा खरोखर मरणाशी गाठ पडली तेव्हा त्या सैनिकालाही सुचली ती कारकुनी पद्धतच. नावांची यादी, सगळ्यांना एकच नियम, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निवड. आणि लोकांनी ती मानली. पुढे जहाज ताऱ्यातून सुखरूप पार होतं, इंधन भरण्यासाठीच ते तिकडे निघालं होतं हे नंतर कळतं. पण त्या काही तासांत ते जहाज जेवढं शहाण्यासारखं चाललं तेवढं पुन्हा क्वचितच चाललं.

याच्या उलट 'जस्टिस' हा भाग. स्पेन्सर नावाचा सार्जंट गोळी लागून मेलेला सापडतो. पिस्तूल मिळतं कर्नलच्या खोलीत. रे बाई म्हणतात, चौकशी झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत कर्नलने बाजूला व्हावं. यात चुकीचं काय आहे, मला कुणीतरी समजावून सांगा. आपल्याकडे हवालदारावर आरोप झाला तरी निलंबन होतं. शेवटी एलायच्या 'कीनो'मध्ये, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात, स्पेन्सरने स्वतःच गोळी झाडून घेतल्याचं चित्रण सापडतं. पिस्तूल उचलून कर्नलच्या खोलीत ठेवणारा रश. कर्नल निर्दोष सुटतो. कशामुळे सुटतो? त्याच्या शौर्यामुळे? नोंद होती म्हणून सुटतो! कॅमेरा चालू राहिला नसता तर तो माणूस जन्मभर खुनी ठरला असता.

आणि सुटल्यावर हा नायक काय करतो? एका उजाड ग्रहावर रशला बेदम मारतो, त्याला तिथेच टाकून जहाजावर येतो आणि सांगतो, दरड कोसळली, रश गेला. रश पुढे परत येतो ही गोष्ट निराळी. पण एका माणसाला मरायला सोडून दिल्याची रीतसर चौकशी त्या जहाजावर कधीच होत नाही. दोघांचा हिशेब दोघांत मिटतो, बाकीच्यांनी आपलं पात्रांव म्हणेल ते खरं मानून चालायचं. इथेही कॅमेरा असता तर? पण तिथे कॅमेरा न नेण्याइतकं डोकं कर्नलकडे होतं.

याच्यानंतर रे बाई आणि रश मिळून नागरिकांचा उठाव करतात, सैनिकांना जहाजाच्या एका भागात कोंडतात. तो फसतो. चाहत्यांचा सगळ्यांत मोठा राग या उठावावर आहे. माझाही आहे, पण कारण उलटं. बाईंनी तिथे आपलाच धर्म सोडला. रात्रीतून दारं बंद करून सत्ता घ्यायची तर तुमच्यात आणि कर्नलमध्ये फरक काय राहिला? शिवाय सोबती कोण, तर ज्याने खोटा पुरावा पेरला तो. त्याआधीही कर्नल बाजूला झालेला असताना थोडे दिवस सूत्रं बाईंकडे आली होती. त्याच दिवसांत फ्रँकलिन नावाचा शास्त्रज्ञ एन्शंटांच्या त्या घातक खुर्चीत बसला आणि सुन्न होऊन पडला. टिप्पणी लिहिणं वेगळं, खुर्चीत बसून सही करणं वेगळं, हे आमच्या खात्यातही बढती मिळालेल्या कितीतरी जणांना उशिरा कळतं. बाईंच्या हातून हे झालं, ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न यामुळे खोटा पडत नाही.

दुसऱ्या पर्वात तर प्रश्न अधिकच टोकदार होतो. रशला जहाजाचा ब्रिज, म्हणजे सुकाणूची खोली, सापडते. तो कुणालाही सांगत नाही! एकटा गुपचूप जहाज चालवतो, कुठे थांबायचं ते ठरवतो आणि बाकीच्यांना वाटतं जहाज आपोआप थांबलं. अशाच एका थांब्यावर यान कोसळतं. रायली नावाचा तरुण खाली अडकतो, त्याला सोडवता येत नाही, आणि त्याची तडफड थांबवण्यासाठी कर्नल स्वतःच्या हाताने त्याचा श्वास बंद करतो. फार वाईट प्रसंग आहे तो. मी दुसऱ्यांदा बघायला धजलो नाही. रायली मेला तो दडवलेल्या माहितीमुळे. ज्या जहाजावर 'हे कुणी ठरवलं' असं विचारणाऱ्या बाईला सगळे वैतागलेले असतात, तिथेच असा रायली मरतो.

आता लेखकांवरही थोडं बोलू, कारण तेही सुटत नाहीत. मालिकेच्या लेखकांनी हे सगळे प्रसंग स्वतः लिहिले, आणि तरी कर्नलच्या पश्चात्तापाला, दारूला, स्वप्नांना भागांमागून भाग दिले. रे बाईंना काय मिळालं? मिंग-ना वेनसारखी अभिनेत्री हाताशी असताना बहुतेक वेळा दारात उभं राहून आक्षेप घेण्याचं काम! अपवाद एकच, पण तो मात्र झकास. दगडांच्या आधारे बाई पृथ्वीवर आपल्या जोडीदारणीला, शॅरनला, भेटते. मन तिचं, शरीर तिऱ्हाईताचं. आपल्याच घरात परक्याच्या अंगाने उभी असलेली ती बाई बघताना गळा दाटतो. घर, नातं, पत्ता असलेली एक माणूस त्या टेबलामागे आहे हे मालिकेला तेवढ्यापुरतं आठवतं. मग पुन्हा ती 'आक्षेपवाली'.

मालिका नीरस होती, 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची नक्कल होती, वगैरे आरोपांवर मला शब्द घालवायचे नाहीत. वाहिनीने दुसऱ्या पर्वात तिला शुक्रवारवरून मंगळवारवर हलवलं, डिसेंबर २०१० मध्ये बंद करण्याचं जाहीर केलं आणि ९ मे २०११ ला शेवटचा भाग दाखवला. त्याला जी कारणं असतील ती असोत. मला खटकतं ते प्रेक्षकांचं. आपल्याला नायक हवा असतो, कागद नको असतो. 'कारकुनी' हा शब्द मराठीत शिवीसारखा वापरतात, 'खर्डेघाशी' तर विचारूच नका. पण आपल्याच गोव्यातली गावकरी घ्या. अफोंसो मेशियाने १५२६ साली फोरालमध्ये गावकरीचे रीतिरिवाज नोंदवले, त्यात गावच्या लेखनिकाचा उल्लेख आहे. गावकार कितीही मोठा असो, ठरलं ते लिहिणारा माणूस बैठकीत लागायचा. शेतं, बांध, पाण्याच्या पाळ्या अशाच सांभाळल्या गेल्या. डेस्टिनीवरही प्रश्न हवा-पाण्याच्या पाळ्यांचाच होता की!

गंमत म्हणजे शेवटाकडे मालिका नकळत बाईंच्याच बाजूला येते. 'एपिलॉग' या भागात जहाजावरच्यांना एक ग्रह लागतो, जिथे काळाच्या उलथापालथीमुळे त्यांचेच वंशज दोन हजार वर्षं नांदलेले असतात. माणसं तिथून निघून गेलेली. उरलेलं असतं दप्तर. त्यात कीनोची जुनी चित्रणं, कोण कसं जगलं, कुणाचा संसार झाला, कोण कशाने गेलं. टीजेला त्या दप्तरातूनच कळतं की आपल्याला पुढे एएलएस नावाचा असाध्य आजार होणार आहे. ज्या यंगने, ज्या रशने एकमेकांपासून सगळं दडवलं, त्यांचं आयुष्य दोन हजार वर्षांनंतर असं कुणीतरी जपून ठेवलेल्या नोंदींतून त्यांच्यासमोर येतं. त्या नोंदी ठेवणारे कोण होते? त्यांचं नावसुद्धा मालिका सांगत नाही. चाहत्यांनीही कधी विचारल्याचं माझ्या पाहण्यात नाही.