अर्धा डॉक्टर कोणासाठी?

खेड्यात डॉक्टर जात नाही, तेव्हा कमी शिकलेला डॉक्टर तरी तेथे द्यावा, हा युक्तिवाद आपल्याकडे दर काही वर्षांनी नव्याने मांडला जातो. मांडणाऱ्यांचा हेतू वाईटच असतो असे नाही. परंतु या प्रश्नाचा विचार वर्गीय दृष्टीनेही व्हावयास हवा.

भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी जवळजवळ ३०,००० हे पदवी नसलेले, आखूड अभ्यासक्रम पुरा केलेले लायसेन्शिएट होते. हा वर्ग बंद करून सर्व जनतेला एकाच दर्जाचा डॉक्टर मिळावा, असे समितीच्या बहुमताने सुचविले. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदविले. बहुमताचे तत्त्व समतेचे होते. मात्र ते पेलण्यास लागणारा पैसा सार्वजनिक आरोग्यावर कधीच खर्च झाला नाही.

परिणाम काय झाला? एम.बी.बी.एस. आणि वर्षभराची आंतरवासिता पुरी करणाऱ्यास आज वैद्यकीचा पूर्ण परवाना मिळतो. त्यासाठी तीन वर्षांच्या निवासी प्रशिक्षणाची अट नाही. तरीही बाजार त्याला ‘नुसता एम.बी.बी.एस.’ म्हणून हिणवतो. साहजिकच तो प्राथमिक आरोग्य केंद्राऐवजी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीवर्गाकडे वळतो. म्हणजे जो डॉक्टर खेड्यास पुरेसा आहे, त्यालाच आपण अपुरा ठरविले आणि मग त्याहून कमी शिकलेल्याचा शोध सुरू केला. आसामने २००४ मध्ये केवळ ग्रामीण भागापुरत्या पदविकाधारकांचा कायदा केला. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो रद्द ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो निर्णय कायम केला.

कमी शिक्षण घेतलेल्या माणसाकडून आरोग्यसेवा घेऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले आणि त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी खाली आला. परंतु त्या स्त्रियांना कोणी डॉक्टर म्हणविले नव्हते. त्यांचे काम ठरलेले होते, त्यावर नियमित देखरेख होती आणि पाठीशी डॉक्टर होते.

खरा भेद येथे आहे. पूर्ण डॉक्टरच्या देखरेखीखाली मर्यादित काम करणारा सेवक ही आरोग्यव्यवस्थेची वाढ होय. पूर्ण डॉक्टरच्या जागी, आणि तोही केवळ गरिबांसाठी, उभा केलेला अर्धा डॉक्टर ही शासनाने जबाबदारीतून करून घेतलेली सुटका होय. मंत्र्याच्या मुलाला ताप आला असता ज्याच्याकडे नेले जाणार नाही, त्याच्या हाती शेतमजुराचे मूल सोपविणे हे कोणत्या समतेत बसते?

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात मागणी करावी ती आरोग्य केंद्रातील रिक्त पदे भरण्याची, तेथे राहण्यायोग्य घर व वेळेवर वेतन देण्याची, आणि जिल्हा रुग्णालयात कुटुंबवैद्यकाचे निवासी प्रशिक्षण सुरू करण्याची. पदवीची वर्षे कमी करणे स्वस्त पडते खरे; पण त्या बचतीची किंमत कोणाच्या घरातून वसूल होते, हे आपण रोज पाहतोच.