तिसऱ्या रंगाचे घर

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या विहारात मुले दुपारची बुद्धिबळ खेळत बसतात. गेल्या सुटीत माझा नातू दोन दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी तोंड पाडून घरात बसला. विचारले तर म्हणाला, "आजी, तो शिकवणीला जातो. त्याला सुरुवातीच्या चाली पाठ आहेत. माझं डोकंच चालत नाही."

डोकं चालत नाही! आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवले गेले. ते आपल्याच लेकराच्या तोंडून ऐकले आणि पोटात कालवले. मी म्हटले, "डोकं राहू दे, आधी पट बदलून बघू."

भगिनींनो, चौसष्ट घरांचा चौकोनी पट काही आभाळातून पडलेला नाही. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, तथागत ज्या खेळांपासून दूर राहत त्यांची यादी आहे. तिच्यात 'अट्ठपद' आणि 'दसपद' ही नावे येतात. म्हणजे आठ ओळींचा पट आणि दहा ओळींचा पट. पटच न मांडता मनातल्या मनात खेळायचा 'आकास' नावाचा प्रकारही तिथे आहे. प्रमाद वाढतो म्हणून ते खेळ वर्ज्य सांगितले. अभ्यास बुडवून पटावर बसणाऱ्या पोरांनी तेवढे आजही ध्यानात ठेवावे. पण एक गोष्ट त्यातून कळते. त्या काळीही पट एकच नव्हता.

पुढे बायझंटाइन साम्राज्यात गोल पटावर बुद्धिबळ खेळत. चार कड्या, प्रत्येक कडीत सोळा घरे. घरे चौसष्टच, पण कोपरा नाही, त्यामुळे राजाला कोपऱ्यात दडता येत नाही. तैमूरलंगाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुद्धिबळात ११० घरे आणि दोन बाजूंना एकेक जादा घर. हरत आलेला राजा शत्रूच्या बाजूच्या त्या घरात पोचला की डाव बरोबरीत.

आम्ही मात्र षट्कोनी पट निवडला. पोलंडच्या व्लादिस्लाव ग्लिन्स्की यांनी तो १९३६ साली तयार केला. मधमाशीच्या पोळ्यासारखी ९१ घरे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नातवाने अकरा उभ्या ओळी आखल्या. पहिलीत सहा घरे, मग सात, आठ असे वाढत मधल्या ओळीत अकरा, आणि पुन्हा उतरत शेवटी सहा.

रंगवायला बसला आणि अडला. शेजारच्या दोन घरांना एकच रंग नको, पण इथे तीन घरे एका टोकाला भेटतात आणि तिन्ही एकमेकांना चिकटलेली. काळा-पांढरा पुरेना. तिसरा रंग घ्यावाच लागला. उंट आपला रंग सोडत नाही, म्हणून इथे प्रत्येकाला तीन उंट आणि नऊ प्यादी. कमी पडलेल्या उंटांच्या जागी चिंचोके ठेवले, प्याद्यांच्या जागी शर्टाची बटणे.

मांडणी अशी. मधल्या ओळीत तळापासून तीन उंट एकामागे एक. पांढऱ्याच्या डावीकडे वजीर, उजवीकडे राजा. त्यांच्या बाहेरच्या ओळींत दोन्हीकडे घोडा, मग हत्ती, सगळे तळाच्या घरात. प्यादी पाचरीसारखी. मधल्या ओळीत पाचव्या घरात, शेजारी चौथ्या, मग तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या. काळ्याची मांडणी समोर तशीच, वजिरासमोर वजीर. हत्ती घराच्या बाजूंवरून सहा दिशांना सरळ जातो, उंट टोकांवरून सहा दिशांना.

दुसऱ्या दिवशी नातू तो पट घेऊन विहारात गेला. शिकवणीच्या मुलाला पाठ केलेली एकही चाल उपयोगी पडेना. दोघे सारखेच चाचपडत होते. डाव दीड तास चालला. माझा नातू हरला, हेही सांगते. पण घरी आला तो हसत. म्हणाला, "आजी, नव्या पटावर तोपण माझ्यासारखाच चुकतो." मग जरा थांबून म्हणाला, "आता त्या जुन्या पटाच्या चाली मीपण शिकणार. तोच म्हणाला, शिकवतो."

हे मला डाव जिंकल्याहून मोठे वाटले. पाठांतर आणि बुद्धी एक नव्हेत, हे पोराला कोणी न सांगता कळले. ज्याला आधी शिकायला मिळाले तो पुढे असतो, एवढेच. रीत माणसाने घातलेली असते आणि माणसाला ती मोडता येते, हे आपण १९२७ साली महाडच्या तळ्यावर शिकलो. पण बाबासाहेब तळ्यावर गेले ते कायदा शिकून गेले. आपल्या मुलांनाही दोन्ही यायला हवे, जुना पट खेळणे आणि नवा आखणे.

तेव्हा या सुटीत घरातले एक जुने कॅलेंडर मुलांच्या हाती द्या. रंग मात्र तीन द्या.

जयभीम.